एका बाजूने धरलेलं चाक

लोक विचारतात, तुम्ही मोटारसायकली दुरुस्त करायचात का? नाही. दुरुस्ती हा शहाण्या माणसांचा धंदा. माझ्याकडे चांगल्या चालणाऱ्या गाड्या यायच्या. त्या मी खोलून बंद पाडायचो, आणि मालकाच्या मनात होतं तशी होऊन गाडी पुन्हा चालू होईपर्यंत त्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही डोळ्याला डोळा लागायचा नाही. याला मॉडिफिकेशन म्हणतात. माझी बायको मंगल याला ‘हौसेला मोल नसतं’ म्हणते, पण म्हणताना तिचा सूर कौतुकाचा नसतो.

एका कंपनीच्या टूलरूममध्ये मी अठरा वर्षं काढली. मग चितेगावच्या शिवारात, पैठण रोडला लागून पत्र्याचं शेड टाकलं. एक लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि रशीदभाई. रशीदभाई हे मशीन नव्हे, वेल्डर. पण शेडमधली सगळ्यात भरवशाची चीज तेच. लोखंड वितळण्याआधी लाल होतं, म्हणजे माणसाला सावध करतं. ॲल्युमिनियम तसं करत नाही. ते पांढरंच्या पांढरं राहतं आणि अचानक पाणी होऊन खाली बसतं. रशीदभाई म्हणायचे, “लोहा बोलता है उस्ताद, ये बोलताइच नै. इसकू चेहरा देखके समझना पडता.” त्यांना तो चेहरा वाचता यायचा. मला शेवटपर्यंत आला नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. अजिंठ्याकडचा एक जण लेण्यांच्या वाटेवर स्फटिकाचे दगड विकायचा. त्याला मोटारसायकलला अशी पेटी हवी होती की खड्ड्यातून गेली तरी आतला दगड दुखावला नाही पाहिजे. मी रबर लावून पेटी करून दिली. पठ्ठ्याने पहिल्या फेरीला आत दगड न ठेवता बारा अंडी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दोन फुटलेली घेऊन हजर. “मिस्त्री, दोन दगड गेले असते माझे.” मी निमूटपणे पेटी पुन्हा केली. एका मास्तरांच्या आईचा गुडघा वाकत नव्हता, त्यांच्यासाठी स्कूटरची मागची सीट खाली घेतली आणि पायाला लांब पायरी दिली. त्या माउली पुढे कित्येक वर्षं संक्रांतीला तीळगूळ घेऊन त्याच स्कूटरवरून यायच्या. असली माणसं भेटली म्हणून मी या धंद्यात टिकलो, नाहीतर शेडला कधीच कुलूप लावलं असतं.

पण सांगायचं आहे ते कैलासच्या गाडीबद्दल. ते काम मी केलेलं सगळ्यात अवघड काम, आणि त्यातच माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली.

आधी काम काय ते सांगतो. सायकलचं मागचं चाक आठवा. दोन्ही बाजूंनी लोखंडी दांड्या येतात आणि मध्ये चाक धरतात, चिमट्यात निखारा धरावा तसं. आपण त्याला चिमटाच म्हणतो. मोटारसायकललाही मागे तसाच चिमटा असतो, फक्त तो खालीवर हलतो, म्हणून त्याला स्विंगआर्म म्हणतात. काही महागड्या स्पोर्ट गाड्यांना या चिमट्याचा एकच हात असतो. चाक एकाच बाजूने धरलेलं, दुसरी बाजू सताड उघडी. त्या उघड्या बाजूने बघितलं की चाक हवेत तरंगतंय असं वाटतं, आणि ते सगळं धरून असतो मधला एकच नट, आमटीच्या वाटीएवढा. खरं सांगायचं तर साध्या गाडीला याची काही गरज नसते. दोन हातांचा चिमटा हलकाही असतो आणि बिनघोरही. पण दिसायला एकहाती चाक असं दिसतं की माणूस थांबून बघतो. मीही थांबून बघायचो.

कैलास तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. चितेगावच्याच एका कंपनीत तपासनीस, म्हणून शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी. घराणं मेंढरं राखणारं, पैठणच्या अलीकडे वस्ती. त्याने अपघातातली एक स्पोर्ट गाडी घेऊन स्वतःच्या हाताने उभी केली होती, आणि कुठूनतरी एका परदेशी गाडीचा ॲल्युमिनियमचा एकहाती स्विंगआर्म मिळवला होता. तो पोत्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “काका, हा माझ्या गाडीला बसवायचा.”

“हा तुझ्या गाडीचा नाही रे.”

“म्हणून तर तुमच्याकडं आलो.”

त्याला दक्षिणेकडच्या एका रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवायची होती. मी अट घातली, गाडी टेम्पोतून ट्रॅकवर न्यायची, सरकारी रस्त्यावर आणायची नाही. चाकाच्या बांधणीला असा हात लावलेली गाडी रस्त्यावर चालवायला कायद्यात परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. कैलासने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले, आबा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, कपाळावर भंडारा. त्यांनी स्विंगआर्मभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं आणि मला विचारलं, “मिस्त्री, ह्या अंगानं एक हात धरतोय. त्या अंगानं कोण धरतंय?”

“कोणी नाही.”

“मग पोरगं माझं एकुलतं एक हाय, ते तुमाला सांगितलंय का त्यानं?”

मी त्यांना खाली बसवलं. म्हटलं, आबा, बैलगाडीचं चाक कशावर असतं? आसाच्या टोकावर. बाहेरून त्याला कोण धरतं? एक खीळ. जीपचं चाकही असंच, एकाच बाजूने. ते उठले आणि म्हणाले, “व्हय. पर मग खीळ नीट बसवा.” नंतर साडेतीन महिने ते आले नाहीत, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

साडेतीन महिने लागले. गाडीच्या सांगाड्यात जिथे चिमटा अडकतो तिथली जागा या स्विंगआर्मपेक्षा दोन सुतं अरुंद होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; आम्ही जुनी माणसं अजून सुतातच बोलतो, कैलास मिलिमीटरमध्ये, आणि त्यावरून आमची रोज एक चकमक. स्विंगआर्म दोन्हीकडून खरवडून बसवला, आत बसणाऱ्या नळ्या, म्हणजे बूश, नवे कातले. खाली शॉकॲब्सॉर्बर अडकवायला भोकाचा एक कान लागत होता, तो रशीदभाईंनी जोडला. जोडताना त्यांनी आम्हा दोघांना शेडबाहेर काढलं होतं. “तुम दोनो सांस लेते तो मेरा हात हिलता,” म्हणाले. मग साखळीची ओळ. पुढचं चाक, मागचं चाक आणि साखळी एका रेषेत यायला हवीत, म्हणून पुढून मागे दोरा ताणायचा आणि डोळा लावून बघायचं. अकरा वेळा दोरा ताणला. अकराव्या वेळी दोरा दोन्ही चाकांना सारखा टेकला तेव्हा कैलासने मला उचललं. माझं वजन विचारू नका.

आता पिवळ्या रेघेबद्दल सांगितलंच पाहिजे. टूलरूममध्ये आमचे एक फोरमन होते, फार कडक. त्यांचा नियम असा की महत्त्वाचा नट मापाने आवळला की लगेच त्यावरून खालच्या भागापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ मारायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि दिसते. आणि ज्याने आवळला त्यानेच रेघ मारायची, दुसऱ्याने नाही. रेघ आहे म्हणजे नट पक्का. रेघ नाही म्हणजे काम बाकी. हा नियम मी आयुष्यभर पाळला. मापाने आवळायला एक लांब पाना असतो, टॉर्क पाना. त्यावर माप लावायचं आणि जोर द्यायचा. माप भरलं की पाना ‘टक’ करतो. टक ऐकल्याशिवाय रेघ नाही.

गाडी खंडेनवमीला तयार झाली. म्हणजे जवळजवळ. कैलासने दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. पूजा करून शेडमागच्या प्लॉटिंगमध्ये पहिली फेरी मारायची, असं ठरलेलं. तिथे खासगी डांबरी रस्ते पाडलेले होते, कडेला काही गोदामं होती, घर मात्र एकही उठलं नव्हतं. सकाळी मी मागचं चाक चढवलं. मोठा नट हाताने फिरवून बसवला आणि नटाची क्लिप हरवू नये म्हणून तीही आत अडकवून ठेवली. ही क्लिप नटाला गळून पडू देत नाही, पण सैल नट ती घट्ट करत नाही. मग टॉर्क पाना घ्यायला वळलो तर पाना जागेवर नाही.

तो पूजेत होता. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात आणि पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. मंगलने सकाळीच सगळं धुऊन मांडलं होतं. व्हर्नियर, पाने, रशीदभाईंची वेल्डिंगची टॉर्च, आणि मधोमध टॉर्क पाना, कारण लांब आणि चकचकीत. त्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. मी फार देवभोळा नाही. पण मांडलेली पूजा मोडायची हिंमत झाली नाही. म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम हेच. मी हात धुतले आणि शेडबाहेर रशीदभाईंशी बोलत बसलो.

त्या वेळात मंगलने मशिनींची पूजा केली, मग गाडीची. गाडीला नमस्कार करताना तिच्या लक्षात आलं की बाकी सगळ्या नटांवर पिवळी रेघ आहे आणि नेमकी मोठ्या नटावर नाही. तिच्या हातात हळदीचं पाणी होतं. तिने करंगळीने एक रेघ ओढली. ओढली तीही इतकी सरळ की आमच्या फोरमननी शाबासकी दिली असती.

दसऱ्याला सकाळीच माणसं जमली. कैलासचे मित्र, रशीदभाई त्यांच्या नातवाला घेऊन, आबा स्वच्छ धोतर नेसून. आदल्या दिवशीचा विचार डोक्यात होता, पण हार, नारळ, फोटो या गडबडीत तो कुठे गेला कळलं नाही. तरी मी सवयीप्रमाणे गाडीभोवती फिरून तपासणी केली. नट मोजत गेलो. सात नट, सात रेघा. सातवी रेघ बघून मला वाटलं, अरे, हा मी आवळला वाटतं. चाळीस वर्षं जिच्यावर विश्वास ठेवला ती रेघ समोर दिसत होती. मी कैलासला म्हणालो, “झालं. बस.”

त्याने हेल्मेट घातलं, गाडी चालू केली. सगळे मागे सरले. आबा मात्र पुढे आले. मागच्या चाकापाशी वाकले. पोराच्या गाडीला नमस्कार करायचा तर कुठे करायचा, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी त्या मोठ्या नटावर नारळाच्या पाण्याने ओला झालेला अंगठा टेकवला आणि तो अंगठा कपाळाला लावला.

त्यांच्या कपाळावर, भंडाऱ्याच्या खाली, ओलं पिवळं उमटलं.

रंग कपाळाला लागत नाही. आदल्या रात्री वाळलेला रंग तर नखाने खरवडला तरी निघत नाही. मी नटाकडे पाहिलं. रेघेच्या जागी अंगठ्याएवढा डाग होता आणि त्याखाली कोरा नट. कैलासने गिअर टाकला होता.

“बंद कर!” मी ओरडलो. “कैलास, बंद कर गाडी!”

त्याने इंजिन बंद केलं. “काय झालं काका?”

इथे एक कबुली देतो. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की काय कारण सांगू. साखळी बघतो म्हणावं, हवा कमी आहे म्हणावं. मागे जाऊन हळूच नट आवळता आला असता. कोणाला काही कळलं नसतं. इतकी माणसं, इतके फोन फोटो काढायला वर धरलेले, आणि चाळीस वर्षांचं नाव. लिहायला लाज वाटते, पण हाच विचार पहिला आला. मग मी आबांच्या कपाळाकडे पाहिलं आणि खरं ते सांगून टाकलं. मोठा नट आवळलेला नाही, मी न तपासता हो म्हणालो, आणि तू गेला असतास तर पुढच्या वळणावर चाक डगमगलं असतं.

मंगलचा हात तोंडावर गेला. “अहो, ती रेघ मी ओढली. सगळ्यांना होती, त्यालाच नव्हती. मला वाटलं तुम्ही शुभ म्हणून ओढता.”

“अगं, शुभ कसलं! ती आवळल्याची खूण आहे.”

“मग एवढ्या वर्षांत मला एकदा तरी सांगितलंत का?”

शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक उपटसुंभाला मी रेघेचा अर्थ रंगवून सांगितला होता. जिने बावीस वर्षं ते शेड झाडलं, माझा डबा आणला, गिऱ्हाईकांना चहा दिला, तिला सांगायचं कधी सुचलं नाही. रशीदभाई शांतपणे म्हणाले, “भाभी की गलती नै उस्ताद. तुम्हारीच है.” मी म्हटलं, हो, माझीच.

पूजेतला पाना उचलला, फूल बाजूला ठेवलं, नटाची क्लिप काढली. कैलासने मागचा ब्रेक दाबून धरला आणि मी जोर दिला. नट सहज फिरू लागला. अर्धा फेरा झाला तरी फिरतच होता. मग टक वाजलं. मी पुन्हा जोर दिला, पुन्हा टक. तिसऱ्यांदा मंगलला पाना धरायला दिला आणि मी तिच्या हातावर हात ठेवून जोर दिला. टक झालं तेव्हा ती दचकली.

“हे ऐकू आलं की मगच रेघ,” मी म्हणालो. तिने मान हलवली. मग मी क्लिप परत अडकवली आणि डाग पुसून रंगाची रेघ मारली.

कैलास हेल्मेट हातात घेऊन उभा होता. बसावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. मलाही बस म्हणायचा धीर होत नव्हता. मी एकदा ‘झालं, बस’ म्हणून बसलो होतो, आता कोणत्या तोंडाने म्हणणार? तेव्हा आबा बोलले. आधीपासून या गाडीच्या विरुद्ध असलेला माणूस. त्यांनी कपाळ पुसलं नव्हतं.

“मिस्त्री खोटं बोलला असता तर गाडी हितंच पेटवून दिली असती मी. खरं बोललाय त्यो. बस तू.”

कैलास बसला. गाडी गेली. पहिल्यांदा हळू, मग आवाज चढला, मग ती गोदामांच्या मागे वळली आणि दिसेनाशी झाली. प्लॉटिंगच्या टोकाला जाऊन यायचं, एवढंच होतं. सगळे गप्पा मारू लागले, नारळाचे तुकडे वाटले गेले. मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो. आबाही उभे होते. मंगलने त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. मला दिली, मीही बसलो नाही. आवाज कमी होत होत पार विरून गेला.

त्या काही मिनिटांत मी किती माणसांचे आभार मनातल्या मनात मानले, सांगता येणार नाही. आमच्या फोरमनचे, रशीदभाईंचे, कपाळाला हळद लावणाऱ्या या माणसाच्या पूर्वजांचे. त्या दिवशी आबांनी हात जोडून दुरूनच नमस्कार केला असता तर आज हे लिहायला मी बसलो नसतो. आणि कैलास कुठे असता, ते लिहवत नाही.

आबांनी मान तिरकी केली. रानात लांब गेलेल्या मेंढीची घंटा ऐकणारा माणूस करतो तशी.

“आला,” ते म्हणाले.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. लेथपाशी उभं राहून लांबचं ऐकायचे माझे कान कधीच गेलेत. मी गोदामाच्या कोपऱ्याकडे बघितलं, तिथे कोणी नव्हतं. पण आबा खुर्चीत बसले होते, पटका काढून मांडीवर ठेवला होता. मग मीही बसलो.